सतरा एकांची संख्या

आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाला भागाकार होत असे. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या इतर मराठी घरांत त्या वेळी शुभंकरोती होई. ती आमच्याकडेही होई, पण भागाकारानंतर. देवापुढच्या निरांजनाला त्यामुळे रोज पाऊण तास उशीर व्हायचा, आणि देवांनी त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर होते. खाली फरसाणाचे दुकान होते आणि त्याची कढई दिवसभर आमच्या जमिनीखाली चुरचुरत असे. झाऱ्याने कढईची कड ठोकल्याचा आवाज, रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा, आईच्या स्टोव्हची घरघर आणि या सगळ्यांवर नानांच्या पाटीवरची पेन्सिल. ती करकरायची थांबली की आईला कळे, एक भागाकार संपला. मग ती पोळी लाटता लाटता आतून म्हणे, "बोला."

नाना म्हणजे माझे वडील. ते एका मराठी शाळेत गणित शिकवत. गुजरात वेगळा झाल्यावर शाळेतली मराठी मुले हळूहळू कमी झाली. कोणी पळवून नेली नाहीत. आईबापांनीच शहाणपणा करून त्यांना गुजराती शाळांत घातले, आणि त्या शहाण्या आईबापांत आमचे आईबापही होते. मी गुजराती शाळेत गेले, आणि माझ्यासारख्या मुली गेल्यामुळे नानांचा वर्ग गेला, हे नानांनी मला एकदाही बोलून दाखवले नाही. त्यांना गुजरातीतून गणित शिकवा म्हणून सांगण्यात आले. नाना बडोद्यात जन्मले होते, गुजराती फर्डे बोलत, शाकवाल्याशी भावावरून गुजरातीतून भांडत आणि जिंकत. पण पाढे मात्र त्यांना त्या भाषेत म्हणवेनात. "शाक गुजरातीत घेता येतं," ते म्हणाले, "भागाकार येत नाही." तेव्हा शाळेने त्यांच्याकडे नकाशांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि वेळापत्रक दिले. निवृत्त होईपर्यंत ते नकाशे झटकत राहिले. निवृत्तीआधीच कधीतरी त्यांनी घरी तो भागाकार काढला.

संख्या सोपी होती. एकापुढे एक असे सतरा वेळा एक लिहायचे. नानांचे म्हणणे असे की नुसते एक एक मांडून झालेल्या संख्या दिसायला गरीब आणि आतून खट असतात. दोन एकांची अकरा, तिला कशानेच भाग जात नाही. तीन एकांची एकशे अकरा, तिला तिनाने जातो, सदतीसने जातो. पाच एकांच्या संख्येला एक्केचाळीसने जातो, सात एकांच्या संख्येला दोनशे एकोणचाळीसने. हे सगळे नानांनी स्वतः काढले होते. अकरा एकांचे उत्तर त्यांना उन्हाळ्याच्या एका सुट्टीत सापडले आणि तेरा एकांना तर त्रेपन्ननेच भाग गेला, त्यामुळे नाना थोडे निराश झाले. मधल्या चौदा, पंधरा, सोळांचे काही विशेष नसते. पंधरा एक म्हणजे पाच एकांचे तीन गठ्ठे, त्यांना पाच एकांनी भाग जाणारच. राहिले सतरा. एकं, दहं, शतं म्हणत वर चढत गेले की ही संख्या 'मध्य' या स्थानापर्यंत पोचते. नाना ती वाचत तेव्हा एक मध्य, एक अंत्य, एक जलधि, एक शंकु, एक महापद्म असे सुरू करत आणि शेवटच्या एकावर येईपर्यंत भाजी शिजत असे. समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीच्या, कोकिलाच्या, आईने एकदा आईला गच्चीवरून विचारले, "मास्तरसाहेब शेनो जाप करे छे?" आई म्हणाली, "जाप नथी बेन, दाखलो छे." शेनो म्हणजे कसला, आणि गुजरातीत गणिताला दाखलो म्हणतात. कोकिलाच्या आईने मान डोलावली, पण नानांना नमस्कार करणे काही सोडले नाही.

प्रश्न एवढाच होता, की या संख्येला कशाने निःशेष भाग जातो का. वाटेल त्या संख्येने भागून पाहायची गरज नव्हती. भाग जायचा तर तो चौतीसच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल, हे नानांनी सिद्ध केले होते आणि ती सिद्धता मला दोनदा समजावली होती. दोन्ही वेळा मी हो म्हटले. (पुढे गणितात पदवी घेताना ती मला खरोखर कळली, तेव्हा घरी येऊन मी कळली असे सांगितले. नाना म्हणाले, "तिसऱ्यांदा?") त्यांतही तीन, सात, अकरा अशांनी ज्यांना भाग जातो ते भाजक गाळायचे. उरलेल्या भाजकांची यादी नाना दर रविवारी ड्रॉइंगच्या कागदावर बारीक अक्षरात तयार करत. रोज त्यातले चार भाजक घ्यायचे आणि सतरा एकांना भागायचे. बाकी उरली की वहीत भाजक आणि त्यापुढे बाकी लिहायची. बाकी रोज उरत असे.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा यादी वाचायचे काम माझ्याकडे आले. पाटीवर ठसठशीत लिहिलेले त्यांना दिसे, पण हाताच्या सवयीने लिहिलेले स्वतःचेच बारीक अक्षर वाचता येत नसे. मी यादी घेऊन खिडकीत बसे, भाजक दोनदोन आकड्यांच्या जोडीने वाचे, नाना पाटीवर लिहीत, मी पुन्हा एकदा वाचे, नाना मान हलवत, मग मी यादीवर लाल पेन्सिलीने खूण करायची. भागाकार झाला की ताळा आईकडे. आई मराठी सातवी झालेली होती आणि नवाचा ताळा तिच्याइतका चटकन घेणारे माणूस मी नंतर युनिव्हर्सिटीतही पाहिले नाही. नाना भाजक, भागाकार आणि बाकी वाचत. आई प्रत्येकाच्या आकड्यांची बेरीज करून एक आकडा उरवे, पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्यात तिसरा मिळवे आणि म्हणे, "आठ." सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ, म्हणून प्रत्येक भागाकाराचा ताळा आठच यायला हवा. माझ्या लहानपणीच्या संध्याकाळी मला आठवतात त्या अशा, चार वेळा "आठ" ऐकू आले की ताटे मांडायची. आमटीत गूळ बराच असे. राज्य बदलल्यापासून आमच्या आमटीतला गूळ वाढत गेला, असे नाना म्हणत. आई म्हणे, "राज्य बदललं नाही तुमच्या घरात, माझंच आहे."

नियम एकच होता, भागाकार मराठीत. घरात आम्ही वाटेल तसे बोलत होतो. भाजीला शाक, उशीर झाला तर मोडं झालं, हो म्हणायचे तर हा ने. पण खिडकीत यादी घेऊन बसले की तेवीसचे त्रेवीस झालेले नानांना चालत नसे. ते रागावत नसत. पेन्सिल पाटीवरून उचलून धरत आणि मी मराठीत पुन्हा वाचेपर्यंत तशीच धरून बसत. शाळेत मी दिवसभर गुजरातीत मोजत होते आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत, त्यामुळे माझ्या डोक्यात आकड्यांची दोन दुकाने लागून होती आणि कधी कधी माल इकडचा तिकडे होई.

किती दिवस चालणार, असे मी एकदा विचारले होते. नानांनी ढोबळ हिशेब सांगितला. साडेदहा कोटींपर्यंत गेले की पुढे पाहायला नको, तोवर भाग गेला नाही तर जाणारच नाही. रोज चारच्या वेगाने अडीचशे वर्षे लागतील. "अडीचशे?" मी म्हटले. "सुरुवात तर झाली," ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना मधेच भाग जाईल अशी आशा होती आणि ती आशा त्यांना पुरत होती. "एकही भाजक सुटता कामा नये, बस," ते म्हणत. "सुटला नाही तर सापडेल." शाळेने फळा काढून घेतल्यावर या माणसाने दुसऱ्या कशाकडे आशेने पाहिलेले मला माहीत नाही. साडेसहाला पाटी पुसताना त्यांचा चेहरा उजळलेला असे. तेव्हा मला त्याचे हसू यायचे. आता तशी संध्याकाळ माझ्या वाट्याला यावी असे वाटते.

अशी सहा-साडेसहा वर्षे गेली. मी शाळा संपवून युनिव्हर्सिटीत गेले, गणित घेतले, यादी वीस लाखांच्या पुढे गेली. मी त्या वेळी युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात भलतेच काहीतरी शोधत होते. शेजारच्या कप्प्यातून एक जाडजूड कोष्टकांचे पुस्तक हातात आले. चाळताना एका पानावर थबकले. डावीकडे दोन, तीन, चार असे आकडे आणि प्रत्येकासमोर तितक्या एकांच्या संख्येचे अवयव. पाचासमोर एक्केचाळीस. सातासमोर दोनशे एकोणचाळीस. नानांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे ओळीने छापलेल्या होत्या. मी बोट खाली नेले. सतरासमोर दोन संख्या होत्या. लहान होती २०७१७२३.

पहिल्यांदा मला आनंद झाला, तो फार तर चार-पाच श्वास टिकला. मग लक्षात आले की त्या आठवड्यात मी वाचत होते ते भाजक एकवीस लाख नव्वद हजारांच्या घरातले होते. वीस लाख एक्काहत्तर हजार मागे पडून चार-पाच महिने झाले होते. पुस्तक चुकले असेल म्हणून मी तिथेच बसून भागले. दहा पायऱ्या, बाकी शून्य. घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत आले की नाना भागाकारात चुकले असतील. हे मला बरे वाटत होते, हे लिहायला आज लाज वाटते.

घरी नाना बाहेर गेले होते. मी कॉटखालच्या जुन्या याद्या ओढल्या. यादीत २०७१७२३ नीट लिहिलेला होता आणि त्यावर माझ्या लाल पेन्सिलीची खूण होती. मग वही काढली. वहीत तो नव्हता. त्याच्या जागी नानांच्या ठसठशीत अक्षरात होता २०७७०२३, आणि पुढे बाकी दहा लाख एक्याऐंशी हजार एकशे त्र्याण्णव. मी दोन्ही संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहत बसले. दोन, शून्य सात, सतरा, तेवीस. दोन, शून्य सात, सत्तर, तेवीस. आणि मग मला ती संध्याकाळ आठवली.

नवरात्र होते. कोकिला खाली रस्त्यावर घागरा सावरत उभी होती आणि दर मिनिटाला हाक मारत होती, "कुंदा, चाल ने, मोडुं थाय छे." माझी वेणी आईने नुकती घालून दिली होती, पायात चप्पल होती. नानांना मी म्हटले, आज चारही एकदम वाचते, तुम्ही सावकाश करा. ते बरे म्हणाले. मी उभ्याउभ्या वाचले, एकेकदाच वाचले, आणि कोकिलाच्या हाकेला उत्तर देत देत वाचले, त्यामुळे गुजरातीत वाचले. "बे, शून्य सात, सत्तर, त्रेवीस." गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा. मराठीत सत्तर म्हणजे सत्तर. बे ऐकून नानांनी दोन लिहिले, त्रेवीस ऐकून तेवीस लिहिले, कारण ते शब्द परक्या वेषात आले होते आणि ओळखू येत होते. सत्तर घरच्याच कपड्यांत आला आणि सरळ आत शिरला. नानांनी पेन्सिल वर धरलीही होती. "सत्तर?" त्यांनी विचारले. "हा ने, सत्तर," मी म्हटले, खुणा केल्या आणि जिना उतरले. त्या रात्री मी गरबा छान खेळले, असे कोकिला म्हणाली होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मी गप्प राहिले. नानांची मला भीती वाटत नव्हती, त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. पण बोलले तर एकही भाजक सुटू न देणाऱ्या माणसाला, एकच सुटला आणि तो हवा तोच होता, आणि तो माझ्या घाईने सुटला, हे सांगावे लागणार होते. न बोलले तर नाना जन्मभर भागत राहणार होते आणि पुढे काहीच नव्हते. दुसरा अवयव पाचशे कोटींच्या वर होता. तिथपर्यंत कोणाचेच भागाकार पोचणार नव्हते. रोज साडेसहाला मी खिडकीत बसून भाजक वाचत होते आणि प्रत्येक भाजक वाचताना मला माहीत असे की बाकी उरणार आहे. नाना पाटी पुसत, उत्साहाने म्हणत, "हं, पुढचा." माझे जेवण कमी झाले. शनिवारी आईने सेव-उसळ केली, तीही मी ताटात फिरवत बसले. जेवण कमी झाले म्हणजे मुलीच्या मनात कोणी मुलगा भरला, हा आईचा ताळा होता. तिने मला स्वयंपाकघरात गाठले आणि हळूच विचारले, "गुजराती आहे का?" मी नाही म्हटले. "मग सांगायला काय हरकत आहे?" ती म्हणाली.

शेवटी मी एक युक्ती काढली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. यादीतला चालू भाजक वाचायच्या ऐवजी तो मागचा वाचायचा. नानांना दिसत तर नाही. ते भागतील, बाकी शून्य येईल, त्यांना ते सापडेल, आणि कोणाचे काही चुकले होते हे कोणालाच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या भाजकाला मी अगदी स्वच्छ मराठीत वाचले, "दोन, शून्य सात, सतरा, तेवीस."

नानांनी दोन लिहिले आणि पेन्सिल वर धरली. "शून्य सात? आपण दोन, एकोणिसात आहोत. तू मागची यादी घेतलीस."

"असू दे ना नाना. एकदा करून बघू."

"झालेला पुन्हा करायचा नाही," ते म्हणाले. "तसं करायला लागलो तर संपायचंच नाही."

अडीचशे वर्षांचा हिशेब मांडून बसलेला माणूस हे म्हणत होता आणि मला हसूही आले नाही. मी म्हटले, "तो झालेला नाहीये."

खालची कढई चुरचुरत होती. नानांनी माझ्याकडे बघितले नाही, पाटीकडे बघितले. मग उरलेले आकडे लिहिले आणि भागायला लागले. त्यांनी घाई केली नाही, भाजकाची नऊपटीपर्यंतची ओळ नेहमीसारखी बाजूला मांडून घेतली. पाच गेले. तीन गेले. सहा, तीन, दोन, दोन, दोन. मला ते उत्तर पाठ होते आणि ते एकेक आकडा पाटीवर उमटताना बघणे मला सहन होईना. तीन. पाच. शेवटी सात. सातपट खाली लिहिली आणि वजा करायला काही उरले नाही. वरचा आणि खालचा आकडा एकच होता. पेन्सिल थांबली.

"बोला," आई आतून म्हणाली.

नानांनी भाजक वाचला, भागाकार वाचला. "बाकी?" आईने विचारले.

"बाकी नाही."

आत पोळपाटाचा आवाज बंद झाला. "आठ," आई म्हणाली, आणि हातातले लाटणे तसेच घेऊन बाहेर आली.

मग मी सगळे सांगितले. सत्तर सांगितले, कोकिला सांगितली, पुस्तक सांगितले. नानांनी वही मागितली, डोळ्यांजवळ धरून ते पान शोधले आणि त्या चुकीच्या भाजकाच्या आकड्यांची बेरीज केली. "एकवीस," ते म्हणाले. "तिनाने भाग जातो. असला भाजक आपल्या यादीत येईलच कसा? हे मला दिसायला हवं होतं."

"ताळा घेताना भाजकाचा तीन उरला होता," आई म्हणाली. "तसा तीन कधी येत नसे. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं. पण तुम्ही दोघं शिकलेली माणसं, म्हटलं असेल काहीतरी."

मला रडू आले. मी म्हटले, माझ्यामुळे झाले. मला वाटत होते त्यांनी ओरडावे, पाटी आपटावी. नाना म्हणाले, "मी विचारलं होतं. तू सत्तर म्हणालीस, मी सत्तर लिहिलं. दोघांचं बरोबर होतं." मग वही मिटून, "पुस्तकात होतं म्हणजे कोणाला तरी आधीच सापडलं होतं."

"हो."

"किती आधी?"

"बरंच. तुमच्या जन्माच्याही आधी असेल."

माझ्या आयुष्यात मी त्यांना दिलेले हे सगळ्यात मोठे दुःख होते, आणि ते त्यांनी मांडीवर पाटी ठेवून, पाठ ताठ ठेवून घेतले. त्यांचा हात मात्र पाटीच्या लाकडी चौकटीवरून फिरत होता. आईने निरांजन लावले. त्या दिवशी चौथा भागाकार झाला नाही. जेवताना ते एकदम म्हणाले, "दुसऱ्या अवयवाला कशाने भाग जात नाही, तो मूळ संख्या आहे. ते पाहायला नको. त्र्याहत्तर हजारांच्या आतले सगळे तपासले की त्याचं काम होतं, आणि ते आपण पहिल्या चार महिन्यांतच संपवले." आणि आमटी वाढून घेतली. मी नंतर पुस्तकात पाहिले. तसेच होते. आमच्या सहा-साडेसहा वर्षांतले चार महिने कामी आले होते.

दोन दिवस साडेसहाला कोणाला काय करावे ते कळेना. आईने निरांजन वेळेवर लावले आणि देव बहुधा दचकले. तिसऱ्या दिवशी नानांनी ड्रॉइंगचा कोरा कागद पसरला आणि मला बोलावले. आता एकोणीस एक घ्यायचे. अडतीसच्या पाढ्यात एक मिळवायचा. "वाचायला तूच बस," ते म्हणाले. "पण जोडीने वाचायचं नाही. एकेक आकडा." मी बसले. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला, कारण त्या पुस्तकात सतराच्या खालची ओळही मी पाहिली होती. नानांनी ते माझ्या तोंडावर वाचले असावे. "एकोणीसचंही त्यात असेल," ते म्हणाले. "सांगू नकोस."

मी सांगितले नाही. एकोणीस एकांच्या संख्येला कशानेही भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. पुस्तकात तिच्यासमोर दुसरी काहीच संख्या नव्हती. माझे लग्न झाले, मी निजामपुऱ्यात राहायला गेले, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी नोकरीवरून परस्पर रावपुऱ्यात येऊन खिडकीत बसत असे. इतर दिवशी आई वाचे. नानांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्या डोळ्याला समोरच्या दुकानाची पाटी दिसे, पण स्वतःचे बारीक अक्षर दिसत नसे. ताळा आता एक यायचा. मी "एक" ऐकत होते आणि भाजक वाचत होते, आणि वाचलेल्या प्रत्येक भाजकाचे उत्तर मला आधीच माहीत होते. गप्प बसणे मला जमत नाही असे घरात सगळे म्हणतात. नऊ वर्षे मी गप्प बसले.

नाना गेले त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. तोवर ते खाटेवरच असत, पाटी उशाशी. दिवसाला एकच भागाकार होई, तोही दुपारी. मी यादी उघडली तर ते म्हणाले, "कुंदे, एकोणीसला भाग जात नाही ना?"

"तुम्हीच सांगू नको म्हणालात."

"तू सांगू नकोस. मी सांगतो. भाग जात असता तर तुला एवढी वर्षं गप्प बसवलं नसतं. मागच्या वेळी तीन आठवड्यांपुढे नाही बसवलं."

आई दारात उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला आणि तशीच आत गेली. नानांनी पाटी जवळ ओढली आणि ओल्या फडक्याने पुसली.

"मग आता कशाला?" मी विचारले.

"वाच तू," ते म्हणाले. "पुस्तक लिहिणाऱ्यानेही कोणाला तरी वाचायला बसवलं असेल."

मी एकेक आकडा वाचला, दोनदा वाचला. बाकी उरली.